तोडणाऱ्याचें ऋण

नीतिशास्त्रावरील ग्रंथ चाळून पाहिले तर असें दिसून येतें, कीं एखादें कठोर कृत्य करावें किंवा न करावें याची चर्चा त्यांत जितक्या विस्तारानें केलेली असते, तितकी तें कृत्य करून झाल्यानंतर काय करावें याची केलेली नसते. शस्त्रवैद्यानें शस्त्र केव्हां उचलावें, बापानें मुलास घराबाहेर केव्हां धाडावें, दहा गांवांना पाणी मिळावें म्हणून सरकारनें अकरावें गांव धरणाच्या पोटांत केव्हां घालावें, या प्रश्नांवर पक्ष आणि प्रतिपक्ष भरपूर मांडले गेले आहेत. पण निर्णय झाला, शस्त्र चाललें, सामानाच्या गाड्या सुटल्या. आतां दुसऱ्या दिवशींच्या सकाळचें काय? ज्यानें तोडलें त्याचें तुटलेल्याशीं असलेलें नातें तोडण्याच्या क्षणींच संपतें, कीं तेथूनच तें खरें सुरू होतें? माझ्या समजुतीप्रमाणें नीतीचा अवघड भाग हा दुसरा आहे. पहिल्या प्रश्नास धैर्य पुरतें. दुसऱ्यास धैर्याहून दुर्मिळ असें कांहीं तरी लागतें.

हा विचार मला ग्रंथ वाचतांना सुचला नाहीं. गच्चीवर एका उथळ कुंडीपुढें बसून, मीं स्वतः मारलेल्या एका झाडाकडे पाहत असतांना तो सुचला. म्हणून त्या झाडाची हकीगत आधीं सांगितली पाहिजे. आणि ती समजण्यासाठीं झाडांच्या मुळांविषयीं थोडी रुक्ष माहितीहि वाचकांनीं सोसून घेतली पाहिजे.

‘बोन्साय’ हा शब्द जपानी आहे. तबकांत लावलेलें झाड, एवढाच त्याचा अर्थ. कला मूळची चीनमधील. जपाननें ती घेतली, पिढ्यानुपिढ्या जोपासली आणि आज जगास परिचित असलेलें रूप तिला दिलें. आपल्याकडे तिला ‘वामनवृक्ष’ असें सुरेख नांव मिळालें आहे. पुष्कळांची अशी समजूत असते, कीं हीं झाडें जातीनेंच ठेंगणीं असतात, किंवा त्यांस उपाशी ठेवून खुरटें केलेलें असतें. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. तबकांतला वड हा रस्त्याच्या कडेच्या वडाचाच सख्खा भाऊ. उद्यां त्यास मोकळ्या जमिनींत लावला तर तोहि आपल्या पारंब्या जमिनीस टेकवूं लागेल. आणि उपाशी झाड फार दिवस जगत नाहीं; तबकांतल्या झाडास खत, ऊन आणि पाणी हीं वेळच्या वेळीं द्यावीच लागतात. त्याचें लहानपण उपासानें नव्हे, तर कात्रीनें टिकविलेलें असतें. वरची कात्री सर्वांना दिसते. खालची, म्हणजे मुळांवरची कात्री, सहसा कोणास दिसत नाहीं.

ती कां चालवावी लागते? कुंडींतील झाडाचीं मुळें वाढत वाढत कडेस येतात, तेथें वळतात, आणि कांहीं वर्षांत सारी माती व्यापून एकमेकांभोंवतीं वेटोळीं घालून बसतात. मग वरून घातलेलें पाणी आंत मुरत नाहीं, हवा खेळत नाहीं, आणि झाड आपल्याच मुळांनीं गुदमरूं लागतें. म्हणून झपाट्यानें वाढणारें तरुण झाड दर एक-दोन वर्षांनीं, आणि वृद्ध पाइन पांच-सात किंवा अधिक वर्षांनीं, कुंडींतून बाहेर काढावें लागतें. माती झाडून मुळांचा कांहीं भाग कापावा लागतो. झाड पानझडी जातीचें आणि निरोगी असेल तर तिसरा हिस्सा, क्वचित् अर्धा हिस्साहि जातो. ‘मुळावर उठणें’ हा आपल्या भाषेंत सर्वनाशाच्या हेतूस योजलेला वाक्प्रचार आहे. येथें मात्र माळी झाडाच्या मुळावर उठतो तो त्यास जगविण्यासाठीं.

तेव्हां हें कापणें क्रौर्य म्हणावें कीं उपकार? न कापावें तर झाड मरतें, म्हणून तो उपकार, असें उत्तर मी पूर्वीं मोठ्या आत्मविश्वासानें देत असें. पण या उत्तरांत एक चलाखी आहे. न कापल्यास झाड मरतें हें खरें. परंतु तें मरतें, कारण तें कुंडींत आहे. आणि कुंडींत तें आपल्या पायांनीं चालत आलेलें नाहीं. संकट ज्यानें निर्माण केलें, त्यानें संकटनिवारणाचें श्रेय घेऊं नये. फार तर त्यास एवढेंच म्हणतां येईल, कीं मीं एक ऋण काढलें आहे आणि त्याचा हप्ता आज भरीत आहें.

आतां कापल्यानंतरची गोष्ट. झाडाच्या मुळांची कामें दोन. जाडजूड मुळें झाडास धरून ठेवतात आणि अन्नाचा सांठा करतात. पाणी शोषण्याचें काम मात्र टोकांकडील बारीक मुळ्या आणि त्यांवरील सूक्ष्म रोम यांचें. कात्री कितीहि जपून चालविली तरी या नाजूक मुळ्यांपैकीं पुष्कळ तुटतात. इकडे वरचीं पानें होतीं तेवढींच असतात, आणि त्यांतून पाण्याची वाफ होऊन जाणें क्षणभरहि थांबत नाहीं. मिळकत अर्धी झाली, पण खर्च तोच, अशी त्या झाडाची अवस्था होते. म्हणून तें सावलींत, वाऱ्याच्या आड ठेवावें, पानांवर पाण्याचा हलका फवारा द्यावा, आणि बुंधा कुंडीस तारेनें पक्का बांधून टाकावा. कारण वाऱ्यानें बुंधा डुलला कीं नुकतीं फुटलेलीं मुळांचीं टोकें मोडतात. येथपर्यंत कोणीहि समजूतदार मनुष्य ऐकेल. पुढचे नियम मनास पटत नाहींत, आणि बहुतेक झाडें त्या पुढच्या नियमांपाशींच दगावतात.

पहिला नियम असा, कीं लावतेवेळीं एकदां भरपूर पाणी दिल्यावर माती थोडी सुकूं लागेपर्यंत पुन्हां पाणी घालूं नये. आजाऱ्याला पाणी पाजीत राहावें असें कोणासहि वाटतें. पण ज्यास पिण्याची शक्ति नाहीं त्याच्याभोंवतीं पाणी सांचवून ठेवणें म्हणजे त्यास बुडविणें होय. मुळांसहि श्वास घ्यावा लागतो. चिखलांत हवा उरत नाहीं, आणि मुळांच्या जखमा कुजतात. दुसरा नियम, महिना-दीड महिना खत घालूं नये. मातींतील पाण्यांत क्षारांचें प्रमाण वाढलें कीं मुळांस तें पाणी ओढणें अधिकच जड जातें. पोषणच शोषण करूं लागतें. तिसरा नियम सर्वांत कठीण: झाड उपसून, हलवून, मूळ धरलें आहे कीं नाहीं हें पाहूं नये. आणि चौथा, नवीं पानें फुटलीं म्हणून हुरळून जाऊं नये. खोडांत सांठलेल्या अन्नाच्या बळावर झाड पालवूं शकतें. खालीं एकहि नवें मूळ नसतांना वर हिरवीगार पालवी दिसूं शकते. ती प्रकृति सुधारल्याची खूण असतेच असें नाहीं. कित्येकदां तें शेवटच्या शिलकेंतून केलेलें आतिथ्य असतें.

मीं काय केलें तें आतां सांगतों. एका जूनमध्यें, पावसाच्या तोंडावर, मीं कुंडींतल्या एका वडाचीं मुळें अर्ध्याहून अधिक कापलीं. ऋतु योग्य होता. आपल्या हवेंत वडासारखीं झाडें उबदार दिवसांत हें सहन करतात. तिसऱ्या आठवड्यांत त्यास कोंब फुटले. मला इतका आनंद झाला, कीं मीं तें उन्हांत ठेवलें, वर खत घातलें, आणि पाऊस पडत असतांनाहि सकाळ-संध्याकाळ झारी रिकामी करीत राहिलों. श्रावणांत पानें पिवळीं पडूं लागलीं. मीं आणखी खत घातलें. मग एके दिवशीं न राहवून झाड उपसून पाहिलें. मुळें काळीं आणि मऊ पडलीं होतीं. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त अध्यापक असलेले माझे एक वयोवृद्ध स्नेही तें पाहून म्हणाले, “प्राध्यापक, झाड कात्रीनें मेलेलें नाही. तें तुमच्या काळजीनें मेलें.”

या वाक्यानें मी दचकलों तो केवळ झाडासाठीं नव्हे. त्याच पावसाळ्यांत माझ्या घरीं दुसरें एक रोपण चाललें होतें.

त्या वर्षाच्या आरंभीं माझे वडील वारले. आईचें वय तेव्हां बहात्तर. रत्नागिरी जिल्ह्यांतल्या एका खेड्यांत, लग्न होऊन ती ज्या घरांत आली त्याच घरांत, तिचीं पन्नासांहून अधिक वर्षें गेलीं होतीं. एकट्या बाईनें त्या मोठ्या घरांत राहणें योग्य नाहीं, असें माझें मत झालें. बहिणीचेंहि तेंच झालें. नातेवाइकांनीं माना डोलावल्या. तेराव्याचें आटोपून आठ दिवसांच्या आंत मीं घरास कुलूप लावलें, किल्ली चुलत भावाकडे दिली आणि आईला पुण्यास तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडीं घेऊन आलों. निघतेवेळीं तिनें पाटा-वरवंटा बरोबर घेण्याविषयीं दोनदां सुचविलें. “आई, तिकडे मिक्सर आहे,” असें मीं हंसून म्हटलें, आणि तो विषय संपला.

पुण्यास आल्यावर तिला मदत करण्यांत मीं कांहीं कमी केलें नाहीं. डॉक्टर झाले, शक्तीचीं औषधें झालीं. शेजारच्या भजनी मंडळांत तिचें नांव घातलें. तिला श्रम नकोत म्हणून स्वयंपाकाला बाई ठेवली, आणि भाजी निवडण्याचें कामहि तिच्या हातून काढून घेतलें. “तूं आतां नुसतें बसायचं,” हें वाक्य आमच्या घरांत दिवसांतून दहादां उच्चारलें जाई. आणि रोज संध्याकाळीं कॉलेजांतून आलों कीं पायांतील वहाणा काढण्यापूर्वींच मी विचारीत असें, “आई, करमतंय ना?” ती ‘हो’ म्हणे. ती हंसेहि. त्या हंसण्यास मी पालवी समजत होतों. ती जेवण टाकूं लागली, दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडूं लागली, तेव्हां मीं आणखी एक डॉक्टर आणला.

ज्या दिवशीं स्नेह्यांनीं मला तें वाक्य ऐकविलें, त्याच रात्रीं, संवयीप्रमाणें, मीं आईला पुन्हां तोच प्रश्न विचारला. या वेळीं ती हंसली नाहीं. म्हणाली, “अरे, तरवा लावला कीं चार दिवस पिवळा पडतोच. म्हणून कुणी तो रोज उपटून बघत नाही.”

कोंकणांत भाताचीं रोपें, म्हणजे तरवा, आधीं एका जागीं दाट वाढवितात आणि पाऊस लागला कीं उपटून चिखलांत ओळीनें लावतात. लावल्यावर तीं माना टाकतात, पिवळीं पडतात, आणि मग आपोआप उभीं राहतात. आईनें हें पन्नास पावसाळे पाहिलें होतें. मीं शिकलेलें सारें वनस्पतिशास्त्र तिच्या एका वाक्यांत होतें. पण ती तेवढ्यावर थांबली नाहीं. थोड्या वेळानें, आवाज न चढवितां, म्हणाली, “आणि तरव्याला कुणी विचारीत नाही हें खरं. पण मी कांहीं तरवा नव्हतें. मला विचारायला हवं होतंस.”

मीं म्हटलें, “विचारलं असतं तर तूं ‘नाही’ म्हणाली असतीस.”

“नसतें म्हणालें,” ती म्हणाली. “मी ‘हो’च म्हणालें असतें.”

या उत्तराचा विचार मी अजून करीत आहें. विचारलें असतें तर जें झालें तेंच झालें असतें. तेंच कुलूप, तीच गाडी, तोच तिसरा मजला. उपयुक्ततावादी तत्त्ववेत्त्याच्या तराजूंत दोन्ही पारडीं सारखीं भरतील. तरी त्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे, हें आईला ठाऊक होतें आणि मला नव्हतें. मनुष्यास केवळ साधन म्हणून वागवूं नये, हें कांटचें वचन मीं पंचवीस वर्षें वर्गांत शिकविलें. परंतु मनुष्याच्या हिताचेंहि त्यास न विचारतां साधन करतां येत नाहीं, हा त्याचा अर्थ मला घरांत, वहाणा पायांत असतांना कळला.

येथें कोणी म्हणेल, कीं झाडाचा दृष्टांत मनुष्यास लावणेंच मुळांत चुकीचें. झाडास विचारतां येत नाहीं, मनुष्यास येतें. तेव्हां दोहोंचा न्याय एक कसा? आक्षेप खरा आहे, आणि या दृष्टांताची मर्यादा त्यानेंच ठरते. पण त्यास जोडूनच आणखी एक भेद पाहिला पाहिजे. भाताची लावणी आणि वामनवृक्षाची छाटणी या दोहोंत मुळें तुटतातच. दोन्ही करणाऱ्याच्या लाभासाठींच असतात. तांदूळ कांहीं भात स्वतः खात नाहीं. तथापि लावणी रोपाच्या वाढीच्या ओघाबरोबर जाते. दाटींत खुंटलें असतें तें रोप मोकळ्यावर फुटवे धरतें. छाटणी त्या ओघाच्या विरुद्ध जाते. झाड मोठें होऊं पाहतें, आणि आपण त्यास आपल्या दृष्टीच्या मापांत ठेवतों. म्हणून जो कोणी दुसऱ्याचीं मुळें तोडतो, त्यानें स्वतःस विचारावें: हें लावणें आहे कीं छाटणें? ही जागा त्याच्या वाढीसाठीं निवडली आहे, कीं माझ्या सोयीसाठीं? मीं हा प्रश्न स्वतःस विचारला तेव्हां उत्तर सुखावह आलें नाहीं. आईला पुण्यास आणण्याचें पहिलें कारण तिचा एकटेपणा नव्हता. रात्रीं-अपरात्रीं फोन वाजला तर, या भयानें माझी झोंप उडत असे. ती झोंप मला परत हवी होती.

आपल्या समाजास हा प्रश्न नवा नाहीं. प्रत्येक मुलीचें लग्न हें एक पुनर्रोपणच होतें. घर, गांव, आडनांव, आणि कित्येक घरांत तर पाळण्यांतलें नांवहि, एका दिवसांत कापून टाकण्याची चाल आपण पिढ्यानुपिढ्या पाळली; इतकी खोल छाटणी कोणताहि शहाणा माळी एका हंगामांत करणार नाहीं. परंतु त्याच चालीच्या पोटांत उत्तरसेवेचीहि कांहीं जाण होती. सणावारीं माहेराहून मुलीस न्यावयास जो मनुष्य येई, त्यास आपल्या भाषेंत ‘मूळ’ म्हणत. ‘मूळ आलें’ हे दोन शब्द ऐकून सासुरवाशिणीच्या डोळ्यांत पाणी कां येई, तें निराळें सांगावयास नको. तोडलेल्या मुळाचा एक धागा राखून ठेवण्याचा हा प्रकार होता. त्यानें मूळच्या कृत्याचें समर्थन होत नाहीं. पण तोडणाऱ्यांसहि आपल्या ऋणाची जाणीव होती, एवढें त्यांतून दिसतें.

आणि विचारणें म्हणजेच सर्व कांहीं, असेंहि नाहीं. कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या चवथ्या अंकांत कण्व शकुंतलेस सासरीं धाडण्यापूर्वीं आश्रमांतील वृक्षांची अनुज्ञा घेतात, आणि कोकिळेचा स्वर हाच त्यांचा रुकार समजला जातो. तोडण्यापूर्वीं विचारण्याचें याहून सुंदर चित्र मला ठाऊक नाहीं. पण पुढच्याच अंकांत राजा तिला ओळखीत नाहीं, आणि पोंचविण्यास गेलेली मंडळी तिला तेथेंच टाकून परत फिरतात. अनुज्ञा विधिपूर्वक घेतली गेली. उत्तरसेवा मात्र राहिली. ऋणाचे हे दोन भाग आहेत, आणि एकानें दुसरा फिटत नाहीं.

मग उत्तरसेवा म्हणजे नेमकें काय? आडोसा द्यावा आणि झारी हातांत असतांना ती न वापरण्याचा संयम पाळावा, हें वर आलेंच आहे. पण माळ्यांच्या ज्ञानांतील आणखी दोन गोष्टी मला अधिक मोलाच्या वाटतात. जुने माळी सांगत, कीं जितकीं मुळें कापलीं तितक्याच फांद्याहि वरून कापाव्या, म्हणजे तोल राहतो. त्यांत तथ्य आहे, पण अर्धेंच. खोडाच्या शेंड्याच्या कोंबांत ऑक्सिन नांवाचें द्रव्य तयार होतें. तें खालीं उतरतें आणि नवीं मुळें फोडण्यास चालना देतें. उलट मुळांच्या टोकांशीं सायटोकायनिन तयार होऊन वर चढतें आणि कोंबांस जागें करतें. शेंडा आणि मूळ एकमेकांस अशीं हाका मारीत असतात. ज्याचीं मुळें गेलीं त्याचे शेंडेहि सरसकट खुडून टाकले, तर मुळांस हाक मारणारें कोणी उरत नाहीं. ‘तूं आतां नुसतें बसायचं’ असें म्हणून मीं आईचे शेंडे खुडले होते. तिच्या हातचें काम हें तिच्यावरील ओझें आहे असें मला वाटत होतें. प्रत्यक्षांत नवें मूळ फुटण्याची आशा होती ती त्या कामांतच.

दुसरी गोष्ट जुन्या मातीची. पाइनच्या मुळांभोंवतीं एक पांढुरकी बुरशी असते. ती मातींतील पाणी आणि क्षार मुळांस मिळवून देते आणि मोबदला म्हणून झाडाकडून साखर घेते. म्हणून जाणते लोक पाइनचीं सर्व मुळें कधीं एकदम धुवून काढीत नाहींत; एका वेळीं अर्ध्या बाजूची माती काढतात, उरलेली पुढच्या खेपेस. वरकरणीं घाण दिसणारी ती जुनी माती नव्या कुंडींत झाडाचा जीव धरून ठेवते. आमचा पाटा-वरवंटा ही ती माती होती. तें कळल्यावर मीं चुलत भावास फोन केला, आणि पंधरा दिवसांत तो अवजड दगड तीन जिने चढून वर आला. आईनें त्यावर पहिल्या दिवशीं ओल्या खोबऱ्याची चटणी वाटली. त्या रात्रीं मीं तिला कांहीं विचारलें नाहीं. न विचारणें हें मला त्या वर्षांतील सर्वांत कठीण काम वाटलें.

जपानमध्यें टोकियोजवळ ओमिया येथें बोन्साय-कारांचें एक गांव आहे. १९२३ च्या प्रचंड भूकंपानंतर टोकियोंतील कांहीं माळी आपलीं झाडें घेऊन तेथें गेले आणि १९२५ मध्यें त्यांनीं हें गांव वसविलें. जन्मभर दुसऱ्यांचीं मुळें कापणाऱ्या या लोकांवर स्वतः उपटले जाण्याची वेळ आली, तेव्हां त्यांनीं काय पाहिलें? माती, पाणी आणि हवा. वस्तीचे नियम ठरविले त्यांत एक असा होता, कीं घरें दुमजली बांधूं नयेत. दुसरा असा, कीं कुंपण झुडुपांचें असावें. ऊन आणि वारा कोणाचा अडूं नये, हा त्यांतील मथितार्थ मला दिसतो. जे आपण होऊन उठतात ते आपली जागा कशी निवडतात, आणि ज्यांस आपण उठवितों त्यांच्यासाठीं आपण कशी निवडतों, यांतील फरक ध्यानांत घेण्याजोगा आहे. मीं बिऱ्हाड पाहिलें होतें तें कॉलेजच्या अंतरावरून.

आणखी एका झाडाचें नांव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाहीं. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानांत एक जपानी श्वेत पाइन आहे. १६२५ पासून तें कुंडींत जोपासलें जात आहे, म्हणजे आज त्यास चारशें वर्षें होऊन गेलीं. हिरोशिमांतील यामाकी नांवाच्या कुटुंबानें तें पिढ्यानुपिढ्या सांभाळलें. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं त्या नगरावर अणुबाँब पडला, तेव्हां स्फोटाच्या जागेपासून सुमारें तीन किलोमीटरांवर, रोपवाटिकेच्या भिंतीच्या आड हें झाड उभें होतें, तें वांचलें. १९७६ मध्यें अमेरिकेच्या स्वातंत्र्यास दोनशें वर्षें झालीं, त्या निमित्तानें जपाननें त्रेपन्न बोन्साय भेट दिले. त्यांत मासारू यामाकी यांनीं हें झाड दिलें. ज्या राष्ट्रानें बाँब टाकला त्यासच. त्याची पूर्वकथा मात्र उद्यानांतल्या लोकांस पंचवीस वर्षें ठाऊक नव्हती. २००१ मध्यें यामाकींचे नातू तें पाहावयास आले, तेव्हां ती कळली.

या कथेचा उपयोग ‘संकटांनीं सामर्थ्य येतें’ असलें सुभाषित सांगण्यासाठीं करूं नये. बाँबमध्यें पुष्कळ झाडें आणि असंख्य माणसें मेलीं. जें वांचलें तें एका भिंतीमुळें. मला तींतून निराळ्या दोन गोष्टी दिसतात. चारशें वर्षांत या झाडाचीं मुळें अनेक वेळां कापलीं गेलीं असलीं पाहिजेत, आणि प्रत्येक वेळीं कापणाऱ्या हातानेंच त्यास सावलींत नेलें असलें पाहिजे. ‘आतां माझें काम संपलें’ असें त्यांतील एकाहि पिढीस म्हणतां आलें नाहीं. ऋण बापाकडून मुलाकडे आणि शेवटीं परक्या देशाकडे गेलें. ही एक. दुसरी ही, कीं ज्यांनीं पंचवीस वर्षें त्यास पाणी घातलें, त्यांनीं त्याची जखम न जाणतांच घातलें. आपल्या दारीं नव्यानें येणाऱ्या माणसाचें मूळ कोठें आणि कसें तुटलें आहे, हें आपणांस सहसा ठाऊक नसतें. तें कळेपर्यंत हळुवारपणा थांबवून ठेवतां येत नाहीं.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नास माझें उत्तर असें आहे. तोडणें कधीं कधीं अपरिहार्य असतें. परंतु अपरिहार्यता ही तोडणाऱ्याची सुटका नव्हे. तोडल्यानंतर तो जी सेवा करतो ती दया नाहीं, औदार्यहि नाहीं. ती परतफेड आहे, आणि परतफेडीबद्दल कोणी कृतज्ञतेची अपेक्षा करीत नाहीं. ही परतफेड सेवेइतकीच संयमानें करावयाची असते; कारण घाईची सेवा बहुधा आपल्याच अस्वस्थ मनाची असते. ‘करमतंय ना?’ हा माझा प्रश्न आईसाठीं नव्हता. तो माझ्यासाठीं होता. निर्दोष सुटल्याचा निकाल मला रोज संध्याकाळीं ऐकावयाचा होता.

तो निकाल मला मिळाला नाहीं. आई त्यानंतर चार वर्षें होती. स्वयंपाकाची बाई आम्ही पुढें ठेवली नाहीं. दर जूनमध्यें ती महिना-दीड महिना गांवीं जाई, चुलत भावाकडे उतरे, लावणी पाहून येई, न्यावयास मी स्वतः जात असें, आणि गाडींतून उतरतांना ती चेष्टेनें म्हणे, “आलं गो मूळ.” तिला पुण्यास आणलें तें बरें केलें कीं वाईट, हें तिनें कधीं सांगितलें नाहीं, आणि मीं विचारलें नाहीं. गच्चीवर आतां दुसरा एक वड आहे. मागच्या पावसाळ्यांत त्याचीं मुळें मीं पुन्हां कापलीं; कापलीं त्या दिवसावर दिनदर्शिकेंत खूण केली, आणि पुढचे सहा आठवडे सावलींतल्या त्या झाडापुढें, झारी बाजूला ठेवून, रोज थोडा वेळ नुसता बसलों.